वाकायची परवानगी

कोकिळावहिनी, परवा तुझ्या तेराव्याच्या गंधमुक्तीला नानांनी तुला माफ केलं. तुला कळवायला हवं, कारण ही माफी तुझ्या पश्चात आणि माइकवरून दिली गेली. घेणाऱ्याला ती परत करायची सोय नव्हती.

मंडप आपल्याच अंगणात होता. पंगत बसायच्या आधी श्रद्धांजलीची भाषणं ठेवली होती. कोणी ठेवली ते विचारू नकोस. आपल्या ब्राह्मणपुरी गावात माइक आणला की भाषणं उगवतातच, पाणी सोडलं की पाटाच्या कडेला गवत उगवतं तशी. सरपंच बोलले. तुला कधीही न पाहिलेला एक तरुण कार्यकर्ता तुझ्या आठवणींनी गहिवरला. सगळ्यात शेवटी नाना उठले. आपले चुलत काका, भाऊबंदकीतले सगळ्यात थोरले, पतपेढीचे माजी चेअरमन. चेअरमनकी जाऊन इतकी वर्षं झाली तरी लोक त्यांना चेअरमनच म्हणतात आणि ते दुरुस्त करत नाहीत.

घरात अहिराणी बोलणारे नाना माइकवर शुद्ध बोलतात. म्हणाले, "कोकिळाबाई गेली अनेक वर्षे कोणाच्याही पाया पडू शकल्या नाहीत. नाकाच्या शस्त्रक्रियेमुळे डॉक्टरांनी त्यांना वाकण्यास मनाई केली होती. आमच्यापैकी काहींना त्याचे वाईट वाटले असेल. परंतु मी आज सर्वांसमक्ष सांगतो, शरीराने नसेल, पण मनाने ती माउली सदैव वाकलेलीच होती."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नानांना वाटलं, जमलं. म्हणून ते पुढे गेले. "सूनबाईने हाच आदर्श समोर ठेवावा. तिला तर देवदयेने काही आजारही नाही."

सूनबाई म्हणजे तुझी पल्लवी. ती बायकांत खाली मान घालून बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेसाठी आणि त्या 'मनाने वाकलेली'साठी मी हे लिहिते आहे. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू वगैरे सगळं लोकांनी फ्लेक्सवर छापलंच आहे. ती तीन विशेषणं आपल्या तालुक्यात मेलेल्या प्रत्येक बाईला मिळतात, जगताना मिळाली नसली तरी.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा आपण दोघी एका वयाच्या. तरी मी नणंद, म्हणजे मान माझा. ओटीवर सगळे बसलेले असताना तू पदराचं टोक दोन्ही हातांत धरून माझ्या पायांशी वाकलीस. मी कॉलेजात चार पुस्तकं वाचून नुकतीच समतावादी झालेली, मी पाय मागे ओढले. तू खालूनच पुटपुटलीस, "पाय काढू नको ताई, सासू देखी ऱ्हायनी." मी पाय जागेवर ठेवले. आपली ओळख झाली ती अशी.

आपल्या घरात वाकण्याचा एक क्रम आहे. देव, मग नाना, मग काकू, मग वयानुसार सगळी रांग. अक्षय्यतृतीयेच्या आखाजीला, दिवाळीला, कानबाईला, माहेरी जाताना, माहेरून येताना. पुरुषांनी हात जोडले तरी चालतं. सुनांनी कमरेतून वाकायचं, पायांना हात लावायचा, आणि 'सुखी राहा' ऐकू येईपर्यंत तसंच थांबायचं. नाना आशीर्वाद देताना जरा वेळ लावतात. त्यांच्या तोंडात बहुतेक सुपारी असते.

तुझं नाक गळायला लागलं ते लोकांना पहिल्यांदा दिसलं कानबाईच्या दिवशी. श्रावणातला तो रविवार, सुरतेपासून पुण्यापर्यंतची भाऊबंदकी घरी आलेली, चौरंगावर नथ घातलेला नारळ कानबाई होऊन बसलेला. तू कपाळ जमिनीला टेकवलंस आणि उठलीस तर फरशीवर स्वच्छ पाण्याचे थेंब. काकू कळवळल्या, "आगो माय, रडी ऱ्हायनी पोर!" नाना सुपारी थांबवून म्हणाले, "याला म्हनतस भाव. देखा सगळा जन." त्या दिवसापासून तू आपल्या घरातली सगळ्यात भाविक सून झालीस. स्वयंपाकघरात येऊन तू डाव्या नाकपुडीला पदर लावलास आणि मला म्हणालीस, "रडाले मन्हं काय जायेल शे? नाक गळी ऱ्हायनं."

मग सर्दीच्या गोळ्या, ॲलर्जीच्या गोळ्या, वाफारे, नाकात मारायचा फवारा. कोणी सायनस म्हटलं, कोणी केळीच्या बागेतला ओलावा, कोणी कपाशीवरच्या फवारणीचा वास. मी त्यांना दोष देत नाही. हा आजार असा की सर्दीचे कपडे घालून येतो. फक्त एकाच नाकपुडीतून, फक्त वाकल्यावर, नळासारखं पातळ पाणी. तू वाकत होतीस दिवसभर, कधी चुलीपुढे, कधी निंदणीला, कधी कोणाच्या पायांपुढे. त्यामुळे कोणत्या वाकण्यानं काय होतंय हे पाहायला कोणालाच सवड नव्हती.

मग तो ताप आला. मान वळेना, उजेड सोसवेना, तू माणसं ओळखेनाशी झालीस. माझ्या दादानं गाडी केली आणि आपण थेट सुरतेला गेलो. मेंदूज्वर. त्यातून तू वाचलीस, आणि वाचल्यावर तिथल्या सर्जननी आम्हाला बसवून एक साधा प्रश्न विचारला. तुमचा रुमाल वाळल्यावर कडक होतो का? तू म्हणालीस, नाही. त्यांनी तुला मान खाली घालायला लावून बाटलीत थेंब धरले, तपासायला पाठवले, डोक्याचे फोटो काढले, आणि मग त्यांच्या गुजराती हिंदीत म्हणाले, "बेन, ये नाक का पानी नहीं है. ये दिमाग के आजूबाजू का पानी है."

तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "म्हंजे इतला साल मी डोकं पुसी ऱ्हायंती?"

सर्जन हसले. मला हसू आलं नाही, कारण पुढचं ते मला सांगत होते. नाकाचं छत आणि मेंदूची जमीन म्हणजे एकच हाड, तिथे पापडाएवढं पातळ. त्याला भोक पडलं की मेंदूभोवतीचं पाणी नाकात उतरतं. पाणी उतरतं त्याची फार काळजी नाही, शरीर नवं बनवतं. काळजी उलट्या वाटेची, नाकातले जंतू वर चढतात. एकदा चढले होते. दार उघडं राहिलं तर पुन्हा चढतील, आणि पुन्हा आपण वेळेत सुरतेला पोचू याची हमी कोण देणार? भोक पडलं कशानं, असं दादानं विचारलं. ते म्हणाले, कधी मार लागून पडतं, कधी आतल्या दाबानं हाड झिजत जातं, तुमच्या बाबतीत दाबच दिसतो. मी मनात म्हटलं, दाबाचा तपशील आम्ही देऊ शकतो.

कवटी उघडायची नव्हती. नाकातूनच दुर्बीण घालून जायचं. आधी पाठीच्या कण्यात एक रंग टोचायचा, म्हणजे गळती जिथे असेल तिथे हिरवट चमकते. मग मांडीतून थोडी चरबी आणि स्नायूवरचा पडदा काढून त्या भोकावर बसवायचा, त्यावर नाकातलंच अस्तर ओढायचं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येऊन तू पहिल्यांदा जे बोललीस ते दादाला उद्देशून होतं. "आते मन्हा नाकमा मन्ही मांडी शे. लोकेसले सांगू नका, कशी दिसी!"

सोडताना सर्जननी पुन्हा पुन्हा बजावलं. वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. कुंथायचं नाही. झोपताना डोकं उंच. शहाद्याच्या बसमध्ये तुला शिंक आली, तू तोंड उघडून ती अशी दिलीस की कंडक्टरनं घंटी मारली. आपण दोघी नंदुरबार येईपर्यंत हसत होतो. तुला हसायचीही भीती वाटत होती, म्हणून हनुवटी वर धरून हसत होतीस.

आणि मग घर आलं.

दवाखान्यातून माणूस परत आलं की आपल्याकडे काय करतात हे या भागातल्या कोणालाही सांगायला नको. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, आणि मग त्या माणसानं आधी देवापुढे आणि नंतर भेटायला जमलेल्या सगळ्या थोरांपुढे वाकायचं. त्यात वाईट हेतू काहीच नाही. जीव वाचला त्याचा तो आनंद आहे. जमलेली माणसं तुझ्या काळजीनंच जमली होती. मी दारातच म्हटलं, "हिला वाकायचं नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय."

नाना म्हणाले, "पोरी, जित्ती उनी ती देवनी दयाथी. देवना पाया पडाले बी डॉक्टरले इचारानं का?"

सगळे तुझ्याकडे पाहत होते. दादा शहाद्याहून आणलेल्या गाडीवाल्याशी बोलत होता, त्याला अशा वेळी गाडीवाल्याशी फार बोलायचं असतं. आई, जिला घरात आपण सगळे जिजी म्हणतो, ती चौकटीला धरून उभी होती आणि काहीच बोलली नाही. तू वाकलीस. आधी देवापुढे. मग नाना. मग काकू. मग पुढची रांग. रांगेत सगळ्यात शेवटी धुळ्याच्या आत्या होत्या. त्यांच्या पावलावर तुझ्या नाकातून थेंब पडला. आत्यांनी तुला जवळ घेतलं. "आगो, आते कसाले रडस? बरी हुई गयी ना तू."

त्यांच्या खांद्यावरून तू माझ्याकडे पाहिलंस. त्या घरात तेव्हा दोघींनाच कळलं होतं की ते अश्रू नाहीत.

पुन्हा सुरत. सर्जन चिडले नाहीत. म्हणाले, वाकल्यामुळे भोकावर बसवलेली चकती सरकली असेल, किंवा ती एरवीही सरकली असती. पहिल्या वेळी काहींची टिकत नाही, नक्की सांगता येणार नाही. सर्जन प्रामाणिक माणूस होते. मी तितकी नाही, मला नक्की सांगता येतं.

दुसऱ्या वेळी चकती मोठी घेतली. पाठीतून एक बारीक नळी काढून ठेवली, म्हणजे पाणी तिकडून थोडं थोडं निघून जाईल आणि नव्या ठिगळावर दाब येणार नाही. तू डोकं उंच करून, न हलता पडून होतीस. हलायची चोरी आणि बोलायची मुभा, म्हणून तू बोलायचीस. केळीला पाणी दिलं का, म्हशीनं दूध चोरलं का, पोरगा परीक्षेला बसला का. त्यात एका दुपारी, पंख्याकडे बघत, म्हशीबद्दल बोलावं तितक्या सहज म्हणालीस, "ताई, आते मी कोनाच पाया पडनार नहीं."

मला वाटलं, भुलीचा अंमल अजून आहे.

या वेळी घरी येताना मी दादाला पुढे घातलं आणि सर्जनच्या नावानं सगळ्यांना धाक दिला. तू उभ्यानं हात जोडलेस. कोणी काही बोललं नाही, आजारपण ताजं होतं. काही महिन्यांनी शेवटच्या तपासणीला आपण दोघीच गेलो. सर्जननी नाकात दुर्बीण घालून पाहिलं आणि खूश झाले. "एकदम पक्का हो गया. अब सब काम करो, खेती करो, झुको, उठो. भारी वजन थोडा संभाल के."

तू विचारलंस, "झुकने का?"

"हाँ हाँ बेन, झुको ना!"

बस सोनगडच्या पुढे आली तेव्हा तू खिडकी बंद केलीस आणि माझी तोंडी परीक्षा घेतलीस. "डॉक्टर काय बोलनात?"

"वाकायला हरकत नाही म्हणाले."

"नहीं. जनमभर वाकानं नहीं, आसं बोलनात."

आपलं मोठं भांडण तिथे सुरू झालं, वहिनी, आणि ते तू जाईपर्यंत संपलं नाही. मी म्हटलं, खोटं कशाला? पटत नाही तर सरळ सांग, मी नाही वाकणार. तू म्हणालीस, "मास्तरीनबाई, तू नहीं म्हनस ते लोक म्हनतस, शिकेल शे. मी नहीं म्हनसू ते म्हनतीन, माजी गयी. डॉक्टर नहीं म्हनना ते म्हनतीन, बिचारी. मले बिचारी चाली."

"पण तू बिचारी नाहीस!"

"ते तुले माहीत शे ना? मंग बस."

शहाद्याच्या स्टॅंडवर उतरेपर्यंत मी तुला आत्मसन्मानावर व्याख्यान दिलं. माझ्या वर्गातल्या मुलांसारखीच तू ते झोपून ऐकलंस.

त्यानंतर तू जे केलंस ते पाहायला मी मुद्दाम सणांना घरी येत असे. तू कमरेतून वाकणं खरंच सोडून दिलंस. भाकरी, निंदणी, झाडलोट, सगळं पाठ ताठ ठेवून, उकिडवं बसून. हे मी कौतुकानं सांगते आहे, पण त्या वेळी मला शंका यायची की आजार खरा आहे की काय. नाटक इतकं नेटकं होतं. एका हळदीच्या कार्यक्रमात काकूंनी तुला सर्वांदेखत पकडलं. "निंदाले बरं वाकता येस तुले!"

"वाकत नहीं काकू, बसस."

"मंग पाया पडाले बी बस."

तू विचार केल्यासारखं केलंस. "बसनू ते उठता येत नहीं. हात दिसन उठाडा लागी." मग नानांकडे वळून, अगदी नम्रपणे, "देशात का नाना हात?"

भर मांडवात सुनेच्या हाताला धरून तिला उठवायचं! नाना अर्धं पाऊल मागे सरकले आणि त्यांना एकदम जेवणाची व्यवस्था बघायची आठवण झाली. त्यानंतर तुला कोणी वाकायला सांगितलं नाही. पाठीमागे मात्र म्हणत, कोकिळा नाक वर करून चालते. तुझ्या कानावर आलं तर तू म्हणायचीस, "डॉक्टरनीच सांगेल शे, डोकं वर ठेवानं."

मी हसायचे, आणि मग घरी जाऊन मला राग यायचा. कारण मला तुझं हे जिंकणं पुरत नव्हतं. दर आखाजीला, झोक्यावर बसून, मी तेच उकरून काढायचे. तू त्यांना हरवलं नाहीस, चकवलंस. त्यांच्या नियमाला धक्का लागला नाही, फक्त तुझ्यापुरती वैद्यकीय सूट मिळाली. आजारी माणसाला उपास माफ असतो, म्हणून उपास मोडीत निघत नाही. तू झोका देत म्हणायचीस, "मन्ही मान मोकळी शे ना?" मी म्हणायचे, तुझी आहे, पण पुढच्या बाईची? गेल्या दिवाळीत पल्लवी घरात आल्यावर मला हत्यारच मिळालं. मी म्हटलं, "तिच्या नाकाला भोक नाही. ती काय सांगणार?"

तू म्हणालीस, "तिनं ती देखी ली. तिले बी डोकं शे."

हे काही उत्तर नव्हे, असं म्हणून मी पिशवी उचलली आणि शहाद्याची बस धरली. ते आपलं शेवटचं भांडण. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तुझ्याशी भांडताना मी कधीही कंटाळले नाही. आपल्या घरात इतर कोणाबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

तू गेलीस ती हृदयविकारानं, सकाळी ओटीवर, चहाची बशी हातात असताना. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण सांत्वनाला दारावर बसायला येणाऱ्यांत पहिल्याच दिवशी कुजबुज सुरू झाली की नाकाचं ऑपरेशन नडलं, डोक्याचं पाणी कोंडलं, वाहत होतं ते वाहू द्यायचं होतं. नाही. दुसऱ्या ऑपरेशननंतर तुझ्या नाकातून एक थेंब आला नाही. ते ठिगळ शेवटच्या श्वासापर्यंत टिकलं. ते नसतं तर कुठल्या तरी वर्षी दुसरा मेंदूज्वर आला असता आणि पल्लवीचं तोंडही तू पाहिलं नसतंस. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी एखाद्या बाईच्या एकाच नाकपुडीतून वाकल्यावर स्वच्छ पाणी येत असेल, तर तिचा भक्तिभाव मोजत बसू नका, तिला नाकाच्या डॉक्टरकडे न्या. आणि परत आणाल तेव्हा तिला दारात उभी राहू द्या.

तू सवाष्ण गेलीस, म्हणून बायका रांग लावून तुझ्या पाया पडल्या. काकूसुद्धा. त्यांना दोघींनी धरून उठवावं लागलं.

तर, परवा. नानांचं 'सदैव वाकलेलीच' मंडपात घुमत होतं. पल्लवी माझ्याकडे पाहत होती. मला दिसत होतं ते असं, की पुढच्या आखाजीपर्यंत तू एक आज्ञाधारक, दुर्दैवी, मनातून झुरणारी सून होणार, आणि तुझा हा नवा पुतळा पल्लवीच्या डोक्यावर ठेवून तिला वाकवलं जाणार. तुझं कारण तुझ्यावरच उलटलं होतं. अगदी मी म्हणत होते तसं. बरोबर ठरण्यात इतका कमी आनंद असतो हे मला माहीत नव्हतं.

मी जागेवरच उभी राहिले. माइक लागला नाही, वर्गांवर ओरडून माझा गळा तयार आहे. म्हटलं, "नाना, डॉक्टरांनी तिला वाकायची परवानगी दिली होती. मी तिथे होते. तिला वाकायचं नव्हतं. शरीरानं नाही आणि मनानं तर मुळीच नाही."

नाना माइक विसरून अहिराणीत आले. "ताई, आज तो दिन शे का?"

"दिवस तुम्ही निवडला, नाना. मी फक्त दुरुस्ती करते आहे."

"मरेल बाईले खोटी पाडस तू?" काकू म्हणाल्या. मला याचंच भय होतं. तुला बिचारी होण्यापासून वाचवताना मी तुला लबाड ठरवत होते, आणि तू उत्तर द्यायला नव्हतीस.

तेवढ्यात ओटीवरून जिजीचा आवाज आला. तिला हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून ती सगळ्यांनाच बहिरं समजून बोलते. "काय चाली ऱ्हायनं?" पल्लवीनं उठून तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. जिजीनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यामा नवं काय शे? तिनी मले कवयनंच सांगेल व्हतं."

मी जागच्या जागी बसले.

जिजी सांगत होती, आणि ती मंडपाला नव्हे, पल्लवीला सांगत होती. तू सुरतेहून शेवटची तपासणी करून आलीस, त्याच आठवड्यात तिनं तुला चुलीपाशी विचारलं होतं. खरंखरं सांग, डॉक्टरनं नाही म्हटलंय का? आणि तू म्हणाली होतीस, "नहीं जिजी. डॉक्टरनी हा म्हनेल शे. मीच नहीं म्हनस."

"मंग तुम्ही काय बोलनात?" पल्लवीनं विचारलं.

"काय बोलू? त्या दिनले दारमा तिनी मान खाले गयी तवय मी बोलनू नहीं. आते कोन्या तोंडघाई बोलू? मी म्हनं, बरं. दूध उतू जाई ऱ्हायनं, ते देख."

नानांनी शेवटचा प्रयत्न केला. "जिजी, मंग आमले का नहीं सांगं?"

"तुम्ही इचारं कवय?" जिजी म्हणाली.

नाना रागावले. पण जेवून गेले. पंगतीनंतर पाया पडायची रांग लागली नाही. कोणी लावली नाही, कोणी मोडली नाही, ताटं उचलायची घाई होती असं म्हणू. पुढच्या आखाजीला पल्लवी काय करील ते मला माहीत नाही. तिचं ती बघेल.

मी मात्र तुझ्यावर चिडलेली आहे, वहिनी, आणि आता ते कायमचं. मी इतकी वर्षं सांगत होते की डॉक्टरच्या आडून बोलू नकोस, समोर उभी राहून नाही म्हण. आणि तू ते त्याच आठवड्यात करून मोकळी झाली होतीस. पगार नाही, पदवी नाही, पाठीशी कोणी नाही, समोर सासू. भाऊबंदकीसाठी डॉक्टर पुरे होता. ज्या माणसाला खरं द्यायला हवं होतं त्याला तू खरं दिलंस, आणि मला? मला दर आखाजीला झोक्यावर तावातावानं बोलू दिलंस. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. केलं नाहीस. बहुतेक तुलाही ते भांडण आवडत होतं. बहुतेक ते वाक्य तुझं आणि जिजीचं होतं, आणि नणंदेला सगळंच सांगायचं नसतं.

तुझ्या फोटोला हार घालायला अजून माणसं येतात, आणि पहिला फ्लेक्स उतरायच्या आधीच नानांच्या माणसांनी वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सचा मजकूर ठरवायला घेतलाय. ज्यांना त्यावर तुला मनाने वाकलेली लिहायचं असेल त्यांनी आधी जिजीला विचारावं. ती घरीच असते, ओटीवर. प्रश्न जरा मोठ्यानं विचारावा लागतो. उत्तर ती तशीही मोठ्यानंच देते.